उपर्नाविकच्या नोंदवहीत काय दिसले आणि काय राहिले

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, उत्तर ध्रुववृत्ताच्याही बरेच वर, ऊम्मान्नाक नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या डोंगराचा आकार हृदयासारखा दिसतो, म्हणून स्थानिक भाषेत गावाचे नाव तसे पडले. माशांच्या तेलाने हृदयाचे रक्षण होते की नाही, या गेल्या पन्नास वर्षांच्या वादाचा उगम नेमका याच जिल्ह्यात आहे. १९७० साली हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न ड्यूरबर्ग हे दोन डॅनिश डॉक्टर तिथे गेले, १३० इनुइट (ग्रीनलंडच्या मूळ रहिवासी) स्त्री-पुरुषांचे रक्त त्यांनी तपासले, आणि त्या रक्तातून निघालेली कथा पुढे जगभरच्या औषध दुकानांच्या फळ्यांपर्यंत पोचली. २०१४ साली कॅनडातील ओटावाच्या हृदयरोग संस्थेतील जॉर्ज फोडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ कागदपत्रे पुन्हा वाचून असे दाखवले, की इनुइटांना हृदयविकार फारसा होत नाही या समजाला भक्कम आधार कधी नव्हताच. तेव्हापासून या विषयावर बोलणाऱ्यांच्या दोन फळ्या झाल्या आहेत. एका फळीला मूळ संशोधन अजूनही शिरोधार्य वाटते. दुसरी फळी म्हणते, की बर्फातल्या चिमुकल्या दवाखान्यांतून आलेल्या माहितीवर विसंबणे हीच मुळात चूक होती.

मला या दोन्ही भूमिका मान्य नाहीत. संशोधन लहान आणि दूरच्या जागी झाले हा त्यातला दोष नव्हता. रक्ताची तपासणी काळजीपूर्वक झाली होती. पण ज्या माणसांचे रक्त घेतले ती माणसे कशाने आजारी पडतात आणि कशाने मरतात हे मोजण्याची विश्वासार्ह व्यवस्था त्याआधी तिथे उभी राहिली नव्हती, आणि जी अपुरी व्यवस्था होती तिच्यावर तिला न पेलणारे ओझे टाकले गेले. दूरच्या दवाखान्यात संशोधन व्हायलाच हवे असे मला ठामपणे वाटते. मात्र ते नोंदवहीपासून सुरू झाले पाहिजे आणि ती नोंदवही तिथेच राहणाऱ्या माणसांच्या हाती असली पाहिजे.

आधी बांग आणि ड्यूरबर्ग यांच्याविषयी न्यायाने बोलू. इनुइट लोक सील, देवमासा आणि मासे खातात, त्यांच्या आहारात चरबी भरपूर असते, मग त्यांच्या रक्तातल्या चरबीचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर त्यांना सापडले: डेन्मार्कमधल्या लोकांच्या तुलनेत या लोकांच्या रक्तात कोलेस्टेरॉल आणि विशेषतः ट्रायग्लिसराइड कमी होते. पुढच्या फेऱ्यांमध्ये त्यांनी रक्तातील मेदाम्ले, म्हणजे चरबीचे घटक, तपासली, लोकांच्या रोजच्या अन्नाचे पृथक्करण केले, आणि आज आपण ज्याला ओमेगा-३ म्हणतो त्या गटातील एका मेदाम्लाकडे त्यांचे लक्ष गेले. १९७८ साली, पुढे नोबेल मिळालेल्या जॉन वेन यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी असे सुचवले, की हे मेदाम्ल रक्ताच्या गुठळ्या होण्यास प्रतिबंध करत असावे. त्या लेखाच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. ते प्रश्नचिन्ह पुढच्या प्रवासात गळून पडले, आणि त्याची जबाबदारी केवळ त्या दोघांवर टाकता येत नाही. रक्ताबद्दल ते जे म्हणाले ते त्यांनी स्वतः मोजले होते. इनुइटांमध्ये हृदयविकार कमी आहे हे विधान मात्र त्यांनी मोजलेले नव्हते; ते ग्रीनलंडच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या वार्षिक अहवालांवरून घेतलेले होते. एकाच लेखात स्वतः मोजलेली आणि दुसऱ्याकडून उसनी घेतलेली गोष्ट शेजारी बसली, की वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच वजनाच्या वाटू लागतात.

टीकाकारांचे सर्वांत बळकट मुद्दे इथेच येतात, आणि ते मान्य केले पाहिजेत. त्या काळी ग्रीनलंडच्या लोकसंख्येचा मोठा भाग जिथे डॉक्टर नव्हता अशा वस्त्यांमध्ये विखुरलेला होता. अशा वस्तीत कुणी मरण पावले, तर तिथल्या आरोग्य सहायकाने किंवा एखाद्या जाणत्या माणसाने दिलेल्या माहितीवरून सर्वांत जवळचा डॉक्टर मृत्यूचा दाखला भरत असे. फोडोर यांच्या परीक्षणानुसार सुमारे २० टक्के दाखले डॉक्टरने रुग्ण किंवा मृतदेह न पाहताच भरले गेले होते. शिवाय ग्रीनलंडमध्ये वैद्यकीय काम केलेल्या आल्फ्रेड बेर्टेल्सेन या डॅनिश डॉक्टरांनी १९४० सालीच नोंदवले होते, की रक्तवाहिन्या कठीण होण्याचे आणि हृदयाचे स्नायू निकामी होण्याचे विकार इनुइटांमध्ये चांगलेच आढळतात. अलीकडे सोळाव्या शतकातील ग्रीनलंडच्या ममींचे सीटी स्कॅन झाले, तेव्हा त्यांच्याही रक्तवाहिन्यांत काठिण्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे बाहेरचे पीठ-साखर तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी तो विकार तिथे होता. इतके सगळे समोर असताना ‘हृदयविकारमुक्त जमात’ ही कल्पना टिकवून धरणे प्रामाणिकपणाचे नाही.

पण इथून पुढे टीकाकार जे अनुमान काढतात ते तपासून पाहायला हवे, आणि त्यासाठी ऊम्मान्नाकच्याही उत्तरेला, उपर्नाविकला जावे लागेल. तिथल्या जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे १,८०० होती आणि त्या सगळ्यांसाठी एकच लहान रुग्णालय होते. क्रोमान आणि ग्रीन या दोन संशोधकांनी तिथली १९५० ते १९७४ या पंचवीस वर्षांची आजारांची माहिती गोळा करून १९८० साली प्रसिद्ध केली. डेन्मार्कमधल्या प्रमाणाने हिशेब केला, तर या काळात हृदयविकाराच्या झटक्याचे ४० रुग्ण अपेक्षित होते, सापडले ३. दम्याचे २५ अपेक्षित होते, सापडला १. सोरायसिसचे ४० अपेक्षित होते, सापडले २. मधुमेहाचे ९ अपेक्षित होते, सापडला १. पण पक्षाघाताचे १५ अपेक्षित असताना २५ सापडले, आणि फेफऱ्याचे ८ अपेक्षित असताना १६. माशांच्या तेलाच्या पुरस्कर्त्यांनी गेली चार दशके या यादीतला पहिला आकडा उचलला आणि पक्षाघाताचा आकडा तिथेच सोडून दिला. ज्या वहीवर विश्वास ठेवायचा तिच्या एकाच ओळीवर विश्वास कसा ठेवता येईल?

टीकाकारांचा वाचण्याचा मार्गही मला तितकाच घाईचा वाटतो. ते म्हणतात, नोंदीच अपुऱ्या होत्या, म्हणून झटके कमी दिसले. पण सरसकट सगळ्याच नोंदी अपुऱ्या असत्या, तर पक्षाघात आणि फेफरे डेन्मार्कपेक्षा जास्त कसे भरले असते? माझ्या समजुतीप्रमाणे या यादीचे रहस्य आजाराच्या दिसण्यात असावे. पक्षाघात झालेल्या माणसाचे तोंड वाकडे होते, एक बाजू लुळी पडते, आणि तो माणूस अनेकदा तशा अवस्थेत वर्षानुवर्षे जगतो. डॉक्टर वर्षातून एकदाच वस्तीत आला तरी तो त्याच्या नजरेतून सुटत नाही. फेफरे चारचौघांसमोर येते आणि पुन्हा पुन्हा येते. याउलट हृदयाचा झटका ओळखायला त्याच वेळी शेजारी डॉक्टर आणि ईसीजीचे यंत्र लागते. शिकारीला बर्फावर एकटा गेलेला माणूस परत आला नाही, तर त्याच्या मृत्यूचे खरे कारण कोण सांगणार? सोरायसिसच्या चट्ट्यांसाठी दोन दिवसांचा समुद्रप्रवास करून रुग्णालयात कुणी येत नाही. मधुमेह तर रक्त तपासल्याशिवाय दिसतच नाही. तेव्हा उपर्नाविकची वही खोटी नव्हती आणि निरुपयोगीही नव्हती. डोळ्यांना जे दिसते आणि ज्यासाठी माणूस दवाखान्यापर्यंत येतो त्याची ती चांगली वही होती. ज्याला यंत्र, रक्ततपासणी किंवा शवविच्छेदन लागते त्याबद्दल ती जवळजवळ मुकी होती. ४० पैकी ३७ झटके केवळ नोंदीअभावी निसटले असे मीही म्हणणार नाही, कारण अठराशे माणसांच्या जिल्ह्यात डॉक्टर बहुतेकांना नावाने ओळखतो. खरोखरच झटके काहीसे कमी असतील. किती कमी, हे त्या वहीतून काढता येत नाही, एवढेच.

‘लहान जागेत विज्ञान होत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी १८४६ सालच्या फॅरो बेटांकडे पाहावे. तीही उत्तर अटलांटिकमधली डॅनिश राज्याची दूरची बेटे. तिथे गोवराची साथ आली आणि सुमारे ७,८०० लोकसंख्येपैकी जवळपास ६,००० लोकांना गोवर झाला. डॅनिश सरकारने पीटर लुडविग पानुम हा पंचविशी नुकतीच ओलांडलेला डॉक्टर तिथे पाठवला. त्याच्याजवळ सूक्ष्मजीवशास्त्र नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. तो गावोगाव फिरला आणि कोण कोणाला कधी भेटले, पुरळ कधी उठले, याच्या तारखा त्याने लिहून घेतल्या. त्या तारखांवरून संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण चौदा दिवस जातात हे त्याने ठरवले. बेटांवर याआधीची गोवराची साथ १७८१ साली येऊन गेली होती. तेव्हा गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी ज्यांच्याशी त्याची गाठ पडली त्यांपैकी एकालाही पासष्ट वर्षांनी आलेल्या या साथीत पुन्हा गोवर झाला नाही, म्हणजे एकदा झालेल्या गोवराचे संरक्षण जन्मभर टिकते, हेही त्याने दाखवून दिले. कोपनहेगन किंवा पॅरिसमध्ये हे शोधता आले असते का? मोठ्या शहरात गोवर सदोदित रेंगाळत असतो, कोणाला कोणापासून लागला याचा माग काढता येत नाही. बेटाचे एकाकीपण हीच पानुमची प्रयोगशाळा होती. लहान आणि दूरच्या जागी काही प्रश्न अधिक स्वच्छपणे विचारता येतात. कोणते, हे ओळखण्यातच संशोधकाची कसोटी असते.

माशांच्या तेलाच्या प्रश्नाचे उत्तर अशा जागी मिळणार नव्हते, ते मोठ्या चाचण्यांतूनच यायचे होते, हे मी आनंदाने मान्य करतो. ते उत्तर बरेचसे आलेही आहे. १९८९ साली वेल्समधील २,०३३ पुरुषांच्या चाचणीत, झटका येऊन गेलेल्यांना मासे खायला सांगितल्यावर पुढच्या दोन वर्षांत मृत्यू कमी झाले. १९९९ च्या इटलीतील मोठ्या चाचणीतही फायदा दिसला. पण २०१८ साली अमेरिकेतील २५,८७१ निरोगी प्रौढांवर आणि ब्रिटनमधील १५,४८० मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचण्यांमध्ये रोजच्या एका कॅप्सूलने हृदयविकाराच्या मुख्य घटना अर्थपूर्ण रीतीने कमी झाल्या नाहीत. त्याच वर्षी एका शुद्ध केलेल्या मेदाम्लाच्या मोठ्या मात्रेने फायदा दाखवला, आणि त्या चाचणीत तुलनेसाठी वापरलेले खनिज तेल खरोखर निरुपद्रवी होते का यावर आजही मतभेद आहेत. बांगडा किंवा तारली खाणाऱ्या आपल्या किनारपट्टीने जेवणाच्या ताटातून हे मेदाम्ल पिढ्यान्‌पिढ्या घेतले आहे. ते सोडण्याचे काहीच कारण नाही. जवसातले ओमेगा-३ मात्र वेगळे असते आणि शरीर त्याचा थोडासाच भाग माशांतल्या प्रकारात बदलू शकते, हे जवसाच्या पाकिटावर ठळकपणे छापलेले मला अजून दिसलेले नाही.

दूरच्या जागी संशोधन करण्यावरचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो नीतीचा आहे. उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांनी संशोधनाच्या नावाखाली पुष्कळ सोसले आहे. १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकेच्या हवाई दलाच्या अलास्कातील प्रयोगशाळेने, थंडी सोसण्यात थायरॉइड ग्रंथीचा वाटा किती हे पाहण्यासाठी, शंभराहून अधिक मूळ रहिवाशांना किरणोत्सारी आयोडीन दिले. भाषा वेगळी होती, आपण कशाला हो म्हणत आहोत हे त्यांना समजलेले नव्हते, आणि त्या आयोडीनचा त्यांच्या स्वतःच्या आरोग्याला काडीचाही लाभ व्हायचा नव्हता. १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने हा त्या लोकांवर झालेला अन्याय होता असे स्पष्ट म्हटले. ही उदाहरणे समोर ठेवून कोणी म्हणेल की अशा समाजांना आता तरी संशोधकांपासून मुक्त राहू द्यावे. त्या भावनेचा मला आदर आहे. पण संशोधन थांबवल्याने अन्याय संपतो का? ज्या समाजाचे आजार कुणी मोजत नाही त्याला दुसऱ्या समाजासाठी ठरवलेली औषधे, दुसऱ्या समाजावर बेतलेल्या चाचण्या आणि दुसऱ्याच्या सोयीचे निष्कर्ष मुकाट्याने घ्यावे लागतात. अलास्कातल्या त्या लोकांना प्रश्न निवडण्याचा आणि नकार देण्याचा अधिकार हवा होता. तो देण्याचा मार्ग संशोधन त्यांच्या गावातल्या दवाखान्याशी जोडण्यातून जातो. त्यांच्याकडे पाठ फिरवण्यातून जात नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: एकट्या डॉक्टरने अठराशे माणसांची बाळंतपणे, हाडे आणि दात सांभाळायचे की आकडे लिहीत बसायचे? ज्यांनी ग्रामीण दवाखाना जवळून पाहिला आहे त्यांना हा आक्षेप खरा वाटेल. पण ग्रीनलंडचाच अनुभव सांगतो, की सरकारने एखादा आजार मोजायचे मनावर घेतले तर तो मोजला जातो. १९५० च्या सुमारास क्षय हा तिथला सर्वांत मोठा मारेकरी होता. १९५५ पासून क्ष-किरण यंत्र असलेले एक खास जहाज किनाऱ्यावरच्या वस्त्यांना भेट देत फिरू लागले, वस्तीतल्या माणसांची तपासणी होऊ लागली, आणि उपचारांच्या जोडीने क्षय वेगाने ओसरला. त्याच वस्त्यांमध्ये, त्याच काळात, हृदयविकाराच्या मृत्यूंचे दाखले मात्र ऐकीव माहितीवर भरले जात होते. दोन्हींत फरक डॉक्टरांच्या कष्टांचा नव्हता. मनुष्यबळ आणि पैसा कशासाठी द्यायचा या निर्णयाचा होता.

या बाबतीत महाराष्ट्राला उत्तरेकडून शिकण्यासारखे आहे, तसेच उत्तरेला सांगण्यासारखेही आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा नाडीचा ठोका, रक्तदाब, फुप्फुसात पाणी साठण्याची वेळ हे रात्र-रात्र जागून टिपले, आणि त्या टिपणांवरून प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग जगासमोर आणला. विंचू जिथे चावतो तिथेच राहणाऱ्या माणसाने केलेले हे संशोधन. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी (डॅनिश बांग यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही) १९८९ साली दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. कोणत्याही रुग्णालयाच्या वहीत हे आजार नव्हते, कारण त्या स्त्रिया त्यासाठी रुग्णालयात येतच नव्हत्या. उपर्नाविकमधला सोरायसिस आणि गडचिरोलीतल्या या बायकांचे दुखणे वहीबाहेर राहण्याचे कारण मला एकाच जातीचे वाटते. आणि २० टक्के दाखले डॉक्टरने न पाहता भरले म्हणून ग्रीनलंडच्या आकड्यांवर आपण बोट ठेवत असू, तर हेही ध्यानात असावे की २०२० साली भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ साडेबावीस टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. गोव्यासारख्या लहान राज्यात हे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. पण देशाचा विचार केला तर हृदयविकार कोणत्या भागात वाढतो आहे आणि कोणत्या नाही, याबद्दलची आपली ठाम विधाने कशावर उभी आहेत, हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही.

उपर्नाविकच्या यादीतला मधुमेहाचा आकडा, ९ च्या जागी १, मला त्यातल्या सगळ्या आकड्यांहून बोलका वाटतो. १९९९ ते २००१ या काळात ग्रीनलंडमधल्या इनुइट प्रौढांची रक्तशर्करा प्रत्यक्ष तपासली गेली, तेव्हा सुमारे दहा टक्के लोकांना मधुमेह निघाला, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो आहे याची कल्पनाच नव्हती. मधल्या पंचवीस वर्षांत आहार बदलला, शिकार कमी झाली, हे खरे; पण सगळाच फरक त्याने भरून निघतो का? २०१४ साली, याच लोकसंख्येतील अडीच हजारांहून अधिक माणसांच्या अभ्यासातून एका जनुकातला असा बदल सापडला, की तो आई आणि वडील दोघांकडूनही आला तर मधुमेहाची शक्यता सुमारे दहा पटींनी वाढते. इनुइट समाजांबाहेर हा बदल जगात जवळजवळ आढळत नाही. त्याची खोड अशी, की तो असणाऱ्या माणसाची उपाशीपोटीची साखर बहुधा ठीक दिसते आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही अनेकदा काही दाखवत नाही. साखर चढते ती खाल्ल्यानंतर, कारण स्नायू ती उचलून घेत नाहीत. कोपनहेगनमध्ये सोयीची म्हणून ठरलेली एका नमुन्याची तपासणी इथे फसते. असा मधुमेह पकडायचा तर वस्तीवरून होडीने आलेल्या माणसाला साखरेचे पाणी पाजून दोन तास दवाखान्याच्या बाकावर बसवून ठेवावे लागते, पुन्हा रक्त घ्यावे लागते, आणि तो आकडा त्याच्या नावापुढे तिथल्या नर्सला लिहावा लागतो.